शंख हॉलमध्ये मावतो

२२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोज लिहिणार. मोठी कामं करणारी माणसं लिहितात, आणि माझ्यापुढे मोठं काम आहे.

ठकू २१ मार्चला चार वर्षांची होते. या वेळचा वाढदिवस मी करणार. इथे, घरी, स्वतःच्या हातांनी. विकतचं काही आणायचं नाही. (फुगे सोडून. फुगे घरी करता येत नसावेत.) हल्ली लोक थीम ठेवतात. आमचीही ठरली. गोगलगाय.

थीम ठकूनेच सुचवली. संध्याकाळी फोन केला होता. ठकू आणि तिची आई, म्हणजे आमची ही, सध्या सासूबाईंकडे आहेत. ठकूची शाळा तिकडून जवळ पडते. शिवाय सासूबाईंचे गुडघे. शिवाय हवापालट. थंडीच्या सुरुवातीला गेल्या, आता पंखे लागायला लागले, म्हणजे तसे फार दिवस झालेले नाहीत. तर ठकू म्हणाली, बाबा, नळापाशी गोगलगाय बसलीय. मी विचारलं, आवडली का. तिने फोन आजीच्या हातात दिला आणि पळाली. याला म्हणतात आवड.

संकल्प : रोज तासभर काम. चहा दोनदाच. हाती घेतलेलं तडीस नेणे. हिचा फोन आला की तिचं पुरतं ऐकून घेणे, मध्ये तोंड घालायचं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सुरुवात केली नाही. सोमवार होता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मनातल्या मनात बरंच काम झालं. मधोमध एक मोठा शंख. माझ्या खांद्याएवढा उंच. मुलांनी तोंडातून आत शिरायचं, गोल गोल फिरत मध्यावर पोचायचं, तिथे केक. अशी कल्पना बाजारात कुणाकडे नाही.

पुठ्ठ्याचा प्रश्नच नाही. आमचा कारखाना खोक्यांचाच. मी डिस्पॅचला आहे, रिजेक्ट माल डोळ्यांसमोर रद्दीत जातो. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरकीपरला गाठलं. तो माझा जुना दोस्त. नकाशा काढून दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, पोरं आत गेल्यावर बाहेर कशी येणार. मी म्हटलं, आली तशी. मग म्हणाला, मागून येणारी पोरं समोरून भेटतील त्याचं काय.

बारीकसारीक शंका काढणारी माणसंही लागतात. एका वेळी एकच मूल सोडायचं, असं ठरवून टाकलं.

मग त्याने विचारलं, वहिनी आल्या का परत. मी म्हटलं, पार्टीला येणारच आहे. त्याने गोदाम उघडलं. मागितल्या त्याच्या दुप्पट शीट काढून दिल्या आणि वर सुतळीचं बंडल दिलं. मोठ्या मनाचा माणूस.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज संकल्प पाळला.

हिचा स्वतःहून फोन. म्हणाली, शांतपणे ऐक. मी शांतपणे ऐकलं. ही बराच वेळ बोलली, आवाजही चढवला नाही. अधूनमधून मी हं म्हणत होतो. तेवढ्यात मला शंखाच्या वळणाचं कोडं सुटलं. सगळे बाहेरून आत जातात तिथे चुकतात, वळण मध्यातून सुरू करून बाहेर न्यायचं. फोनच्या वहीवर लगेच काढून ठेवलं.

शेवटी तिने विचारलं, मग तुला चालेल ना हे. मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, तू म्हणशील तसं.  मग म्हणाली, मला वाटलं होतं तू भांडशील. आणि मोठा श्वास सोडला.

नीट ऐकून घेतलं की बायकोच्या मनावरचं ओझं कसं उतरतं पहा. हे मी आधीच करायला हवं होतं, पण असो.

काय चालेल, ते एकदा विचारून घ्यायचं आहे.

१ मार्च, रविवार

प्रत्यक्ष काम सुरू. हॉलमध्ये जागा करायला भिंतीचं पुस्तकांचं शेल्फ काढलं. मी स्वतः करायला घेतलेलं शेल्फ ते, ठकूच्या जन्माआधी. नुसते उभे खांब झाले होते. आडव्या फळ्या राहिल्या होत्या, म्हणून काढायला सोपं गेलं. कामं अर्धी ठेवण्याचेही फायदे असतात. ही यावर नेहमी बोलायची.

दुपारी पहिली भिंत उभी केली. तीन वेळा पडली. चौथ्या वेळी मी पडलो. गुडघ्याला लागलं. आज एवढं पुरे.

३ मार्च, मंगळवार

ठकूशी फोन. गोगलगाईचं गुपित राखून नुसतं चाचपून पाहिलं. म्हटलं, वाढदिवसाला काय हवं आमच्या ठकूला. म्हणाली, फायर ब्रिगेड. लाल गाडी, घंटा, पाण्याचा पाइप. मी म्हटलं, आणि ती गोगलगाय? म्हणाली, ती मेली.

लहान मुलांचं मन घटकेत इकडे, घटकेत तिकडे. अशा वेळी मोठ्यांनी डळमळायचं नसतं. पुठ्ठा कापून झाला आहे.

नंतर सासूबाई फोनवर आल्या. त्यांना विश्वासात घेऊन थीम सांगितली. त्या म्हणाल्या, शोभेल हो तुम्हाला, गोगलगाय अन् पोटात पाय. थीम पटली त्यांना. लगेच म्हण आठवली म्हणजे बघा.

५ मार्च, गुरुवार

ठकूच्या शाळेत फोन केला. वर्गातल्या मुलांच्या आयांचे नंबर हवे होते. बाईंनी विचारलं, आपण कोण. म्हटलं, वडील.  मग हळू आवाजात म्हणाल्या की आईला विचारून सांगते. शाळा सुरक्षेच्या बाबतीत फार काटेकोर आहे. मला आवडलं.

गुडघा अजून दुखतोय. सासूबाईंनाही गुडघेच. म्हणजे घरात सगळ्यांना आहे.

८ मार्च, रविवार

केकची तालीम. गोगलगाय म्हणजे गुंडाळलेला केक, त्यात साचा लागत नाही. पातळ केक भाजायचा, त्यावर क्रीम, आणि गुंडाळायचा. हे वाचताना तीन ओळींत होतं.

ओव्हन नाही म्हणून कुकरमध्ये. शिट्टी काढायची असते हे लक्षात होतं, रिंगही काढायची असते हे नव्हतं. केक निघाला, पण गुंडाळताना मोडला. तुकडे जुळवून पाहिले. शंखापेक्षा पडकी विहीर दिसत होती.

समोरच्या फ्लॅटमधल्या नर्सबाई जळका वास आला म्हणून धावत आल्या. त्यांना आमच्याकडे वास आला की लगेच यायची सवय लागली आहे. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याने तो केक चमच्याने खाल्ला आणि आणखी मागितला. म्हणजे चव आहे, नुसता आकार राहिला.

बाई स्वयंपाकघराकडे बघत होत्या. म्हणाल्या, भाऊ, भांडी तरी घासत जा. मी म्हटलं, ही आल्यावर आवडीने आवरते, तिला माझ्या पद्धतीने आवरलेलं चालत नाही. बाईंनी स्वतःच नळ सोडला आणि घासायला लागल्या. शेजार असा असावा.

११ मार्च, बुधवार

आनंदाचा दिवस. नीट लिहून ठेवतो.

मी हिला फोन केला. म्हटलं, शनिवारी, एकवीसला, पार्टी आहे, तुम्ही दोघी यायचंच. हिने आधी कुणाला तरी काही विचारलं, मग म्हणाली, "त्याच शनिवारी दादाला टेम्पो मिळतोय. सामानाचं एकदाच होऊन जाईल. आम्ही चारला येऊ."

टेम्पो. सामान. एकदाच.

मी आनंद दाखवला नाही, उगीच उतावीळपणा दिसायचा. म्हटलं, ये, मी सगळं तयार ठेवतो. ती म्हणाली, तयार ठेवलंस तर फार बरं होईल.

म्हणजे परत येतेय. गेली तेव्हा दोन बॅगा आणि ठकूची सायकल एवढंच घेऊन गेली होती. त्याला काही टेम्पो लागत नाही. तिकडे एवढ्या दिवसांत सामान वाढलं असणार, माहेरी वाढतंच. मी कधीच म्हटलं होतं की रागावलेल्या माणसाला थोडे दिवस मोकळं सोडावं. रागावली होती असं नाही.

१२ मार्च, गुरुवार

कामावरून आल्यावर मोठं कपाट रिकामं केलं. हिचं लोखंडी कपाट, लग्नात आलेलं. ती गेल्यावर माझे शर्ट, पाने, ड्रिल, रंगाचे डबे असं त्यात शिरलं होतं. सगळं काढून पलंगाखाली टाकलं. खण पुसले. आतला आरसासुद्धा पुसला.

नर्सबाईंना दारातच बातमी दिली. टेम्पो भरून येतेय म्हटलं. त्या ड्यूटीवर निघाल्या होत्या. थांबल्या, चप्पल घालता घालता म्हणाल्या, "भाऊ, टेम्पो रिकामाही येतो. भरायला."

दिवसभर आजारी माणसांत राहून माणूस असा होतो. त्यांची चूक नाही.

१४ मार्च, शनिवार

शंख उभा राहिला.

दुसरा शनिवार, सुट्टी होती, सकाळी बसलो तो अंधार पडेपर्यंत. हाताला गम, केसांत गम, चहाच्या कपाला गम. पण उभा राहिला, आणि सुंदर. वळण मध्यातून निघतं आणि दाराशी संपतं. वरून तपकिरी रंग, त्यावर पांढरी रेघ. स्टोअरकीपरला फोटो पाठवला. त्याचं उत्तर : घरात मावतो का?

मावतो. हॉलमध्ये नीट मावतो. फक्त आता हॉलमध्ये दुसरं काही मावत नाही. सोफा उभा करून भिंतीला लावला. बेडरूमचं दार अर्धंच उघडतं, पण मी आडवा होऊन जातो. एका माणसाला ते पुरतं.

दोघी आल्यावर बघू.

१५ मार्च, रविवार

मेहुण्याला फोन केला, टेम्पोत अंदाजे किती सामान असेल ते विचारायला. हिचा हा भाऊ माझ्याहून लहान, पूर्वी मला दाजी म्हणायचा. हल्ली नुसतं अहो म्हणतो. मोकळेपणा वाढलाय.

तो म्हणाला, अहो, तुमच्या जिन्यात कपाट वळतं का. मी म्हटलं, कपाट इथेच आहे, आणखी आणायची गरज नाही. म्हणाला, ते माहीत आहे मला. मग वॉशिंग मशीन किती उंच आहे ते विचारलं. मी मापून सांगितलं. ते बसवायला आला होता तेव्हा त्यानेच उचललं होतं, विसरला असेल. शेवटी म्हणाला, अहो, तिच्याशी तुमचं सगळं बोलणं झालंय ना नक्की. मी म्हटलं, अगदी सविस्तर. शांतपणे.

वाढलेल्या सामानाला जागा आहे की नाही, त्याची चौकशी करत होता. जबाबदार मुलगा.

फोन ठेवल्यावर थोडा वेळ नुसता बसून राहिलो. गमच्या वासाने होतं तसं.

१७ मार्च, मंगळवार

शाळेच्या बाईंचा फोन नाही. हिनेच परस्पर मुलांना सांगितलं असणार.

१८ मार्च, बुधवार

नवी कल्पना. गोगलगाय जाते तिथे चकाकती रेघ उमटते. तशी रेघ खालच्या फाटकापासून जिन्यावरून आपल्या दारापर्यंत काढायची. पाहुण्यांना पत्ता विचारावा लागणार नाही, रेघेच्या मागे यायचं. कारखान्याचा पारदर्शक गम आहे, त्यात चमकी मिसळली की झालं.

शनिवारची अर्धी रजा मिळाली. साहेबांनी कारण विचारलं. बायको परत येतेय, सांगितलं. बोलून गेलो. पण मग ऑफिसभर अभिनंदन झालं, त्यामुळे आता ते खरं धरूनच चालायला हवं. तसं ते खरंच आहे.

स्टोअरकीपर त्याच्या दोन्ही मुलींना घेऊन येतो म्हणाला.

२० मार्च, शुक्रवार

रेघ काढली. अतिशय देखणी. वाळायला तासभर लागेल असं डब्यावर लिहिलं होतं. डबा जुना असावा. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची काठी पायरीला चिकटली आणि इमारतीचे सेक्रेटरी वर आले. त्यांना थीम समजावून सांगितली. त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुम्ही समजावून सांगत जाऊ नका, एवढंच करा. रविवारी सकाळी मी जिना खरवडून देतो असं ठरलं.

गोगलगाईच्या शिंगांच्या टोप्या तयार. वर्गातली मुलं, इमारतीतली मुलं, सगळ्यांना पुरतील. केक उद्या सकाळी.

ठकूला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, ती खाली आहे, पाहुणे आलेत. मागे बराच गलका होता, घंटा वाजत होती. मी म्हटलं, कसले पाहुणे. म्हणाल्या, मुलांचे मित्र असतात हो. फोन ठेवला.

उद्या या वेळी घर भरलेलं असेल.

२२ मार्च, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज दुपारपर्यंत जिना खरवडला. आता लिहितो. झालं तसं लिहितो.

केक सकाळी झाला. गुंडाळला गेला नाही. ताटलीत उभा धरून त्याच्याभोवती दोरा बांधला. शंखाच्या मध्यावर ठेवायचा होता, पण दोरा सैल पडत होता, म्हणून स्वयंपाकघरात ओट्यावरच ठेवला.

साडेतीनला स्टोअरकीपर आला. मुलींना नवे फ्रॉक घातले होते, हातात गुंडाळलेली भेट. समोरून नर्सबाईंचा मुलगा आला. तिघांनी शिंगं घातली. वर्गातली मुलं आली नाहीत. चारला एका आईचा फोन आला, बिचारी फार अवघडली होती. म्हणाली, आम्हाला आत्ताच कळलं तुमच्याकडेही आहे, पण मुलं काल इतकी दमली, इतकी छान झाली फायर ब्रिगेडची पार्टी, परत आज कशी पाठवणार. मी म्हटलं, हो हो, अर्थात. काल चांगलीच झाली. हे मी असं म्हटलं, जणू मी तिथे होतो.

मग टेम्पो आला. गॅलरीतून पाहिला. रिकामा होता. मागे दोन हमाल बसले होते आणि जुन्या गाद्या होत्या, सामानाला ओरखडा पडू नये म्हणून घेतात तशा. मला वाटलं, भरलेला मागून येत असेल.

आधी ही आली. कडेवर ठकू, खांद्यावर मान टाकून झोपलेली, कानामागे कालचा लाल रंग राहिलेला. रेघेवरून चालत आली, चपला उचलताना चर्र चर्र आवाज येत होता. दारात थांबून तिने शंख पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाली, हे तू एकट्याने केलंस? म्हटलं, हो. म्हणाली, पुरा झालाय. मी म्हटलं, हो. म्हणाली, छान आहे.

एवढं तिने म्हटलं ते लिहून ठेवतो.

मग तिने शंखाच्या बाजूने बेडरूमच्या दाराकडे पाहिलं, दार अर्धंच उघडलेलं. म्हणाली, "पण मग कपाट कुठून काढायचं?"

मी म्हटलं, कपाट कशाला काढायचं, रिकामं करून ठेवलंय, खण पुसलेत. ती माझ्याकडे बघत राहिली. आणि तिला कळलं. माझ्या आधी तिला कळलं. तिने ठकूला खाली उभं केलं. ठकू जागी झाली होती.

"मी फोनवर सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. "शांतपणे ऐक म्हटलं होतं. तू चालेल म्हणालास. नक्की का, असंसुद्धा विचारलं मी."

मी म्हटलं, ऐकलं की.

"काय ऐकलंस, सांग."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. मी आठवायचा प्रयत्न केला. तिचा आवाज आठवत होता, मी मध्ये म्हटलेलं हं हं आठवत होतं, आणि वळण मध्यातून सुरू करायचं तेवढं आठवत होतं. दुसरं काही नाही. स्टोअरकीपरने दोन्ही मुलींना हाताला धरलं आणि गॅलरीत नेलं. रस्त्यावर काहीही नव्हतं, तरी त्यांना बोट करून काहीतरी दाखवत राहिला.

ही म्हणाली की तिने जागा घेतली आहे. दोन खोल्या, शाळेच्या मागच्या गल्लीत, या महिन्याच्या एक तारखेपासून. आईकडे किती दिवस राहणार. कपाट तिचं आहे, मशीन तिच्या पगारातलं आहे, ठकूचा छोटा पलंग, शिलाई मशीन, बाकी सगळं मी ठेवावं. मी महिन्यातून दोन रविवार ठकूला न्यावं, तेही चालेल म्हणालो होतो. हे सगळं तिने परत सांगितलं, सावकाश, एखाद्या आजारी माणसाला सांगावं तसं. या वेळी मी ऐकलं. ऐकायला फार वेळ लागत नाही. पाच मिनिटांचंही बोलणं नव्हतं.

मी म्हटलं, मला वाटलं तू परत येतेयस.

ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं तुला असं वाटतंय. नाहीतर मी आज आले नसते."

आम्ही दोघं असे उभे असताना ठकू शंखात शिरली. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या पावलांचा आवाज पुठ्ठ्याच्या आतून गोल गोल फिरत गेला आणि मध्यावर थांबला. आतून म्हणाली, "बाबा, इथे कोणीच नाहीये." मी म्हटलं, तूच आहेस ना. थोडा वेळ आत बसली. मग आली तशी बाहेर आली. कोणी समोरून भेटायचा प्रश्न आला नाही.

मेहुणा आणि हमाल दारात थांबले होते. मेहुणा म्हणाला, घाई नाही. पण टेम्पोवाल्याने खालून भोंगा वाजवला. ही म्हणाली, हे जरा बाजूला घेता येईल का. बाजू नव्हती. चहूबाजूंनी शंखच होता. मी कटर आणला आणि कापायला घेतला. वरचं वळण कापलं, मग मधलं. गम चांगला बसला होता, जोर लावावा लागला. मुलांना वाटलं हा खेळच आहे. नर्सबाईंचा मुलगा आणि दोघी मुली धावत आल्या आणि उरलेलं लाथांनी पाडायला लागल्या. ठकूही. खरं सांगायचं तर दुपारभरात मुलं खळखळून हसली ती तेव्हाच.

कपाट निघालं. हलकं होतं. मेहुणा म्हणाला, दाजी, रिकामं केलंत ते बरं झालं. वळणावर हमालांना जमेना तेव्हा स्टोअरकीपरने एक कोपरा धरला, मी दुसरा धरला. नर्सबाई ड्यूटीवरून येत होत्या, त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मग वर जाऊन दाराला पाय लावून धरला, मशीन निघेपर्यंत. एका हमालाची चप्पल पायरीलाच राहिली. तो तसाच गेला.

सगळं लागल्यावर केक कापला. ओट्यावरच. ठकूला स्टुलावर उभं केलं. गाणं म्हटलं. हीसुद्धा म्हणाली. ठकूने वरचं क्रीम खाल्लं, आतला दोरा बाहेर ओढून काढला आणि विचारलं, हा पण खायचा असतो का. मेहुण्याने दोन तुकडे खाल्ले. मी कागदात गुंडाळून हमालांना दिला.

मग निघाल्या. हिने चावी पाकिटातून काढली आणि ओट्यावर ठेवली. दारापर्यंत जाऊन परत वळली. मला वाटलं काही म्हणेल. तिने नुसतं सोफ्याकडे पाहिलं, उभा करून ठेवलेल्या, आणि मेहुण्याला म्हणाली, दादा, तो तरी आडवा करून देऊ या. दोघांनी सोफा आडवा केला. मी उशी लावली.

ठकू दारात बूट घालत होती. शाळेत शिकवतात त्यांना, दुसऱ्यांच्या घरून वाढदिवसाहून निघताना काय म्हणायचं ते. तिने आईकडे पाहिलं. आईने काही खूण केली नाही, मी बघत होतो. तिने आपणहूनच हात जोडल्यासारखे एकत्र धरले आणि एका दमात म्हणाली, "थँक यू, आम्हाला बोलावल्याबद्दल, खूप मजा आली."

हिने तोंड फिरवलं.

मी ठकूच्या उंचीला वाकलो. काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि अशा वेळी घरातला माणूस जे म्हणतो तेच तोंडात आलं.

म्हटलं, "या हं पुन्हा."